‘व्हील’ आणि ‘चक्र’ यांचे नाते

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, कारण त्यात दोन-तीन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. मुलीला शाळेत एका इंग्रजी शब्दाचे मूळ शोधण्याचा प्रकल्प मिळाला आहे. तिने ‘व्हील’ घेतला. इंटरनेटवरच्या एका कोशात तिला जुन्या इंग्रजीतला ‘ह्वेओल’ सापडला. त्याच्याही मागे तारका लावलेली दोन अगम्य रूपे होती, आणि शेवटी ग्रीक ‘कुक्लोस’ व आपला ‘चक्र’ यांचा उल्लेख होता. तुमचे सासरे म्हणतात, शब्द सरळसरळ संस्कृतातून तिकडे गेला. मुलगी म्हणते, कोशात तसे लिहिलेले नाही. प्रकल्पात काय लिहायचे ते तुम्हाला एका वाक्यात हवे आहे, आणि ती तारका कसली तेही.

एका वाक्यात सांगायचे तर, ‘व्हील’ ‘चक्र’पासून झालेला नाही; दोघांचा पूर्वज एक आहे, म्हणजे ती चुलत भावंडे आहेत. पण एवढेच लिहून मुलगी वर्गात उभी राहिली आणि बाईंनी ‘कशावरून?’ विचारले, तर तिच्या हातात काही नसेल. म्हणून कारणांसह लिहिते.

मी बरीच वर्षे बडोद्यात भाषांचा इतिहास शिकवला. विद्यार्थी वेगवेगळे शब्द घेऊन यायचे, अडकायचे मात्र एकाच ठिकाणी. दोन भाषांतले दोन शब्द सारखे दिसले की एक दुसऱ्यापासून ‘आला’ असे आपण म्हणून टाकतो. खरे तर सारखेपणाची तीन अगदी वेगळी कारणे असतात. दोन्ही भाषांना तो शब्द एकाच पूर्वजाकडून वारशाने मिळालेला असतो. किंवा एका भाषेने तो दुसरीकडून उसना घेतलेला असतो. किंवा तो निव्वळ योगायोग असतो. कोणत्याही शब्दाचे मूळ शोधायचे म्हणजे या तिघांतले कोणते हे आधी ठरवायचे. ते ठरवण्यासाठी किती खोल जावे लागेल, हे त्या शब्दावर अवलंबून आहे. ‘शुगर’चा माग व्यापाराच्या वाटेने लागतो. ‘व्हील’साठी ध्वनींचे नियम लागतात. ‘डॉग’सारखा रोजचा शब्द तर जुन्या इंग्रजीत एखाद्या ठिकाणी दिसतो आणि त्यापलीकडे वाटच संपते.

सुरुवात आजपासून करून मागे जायचे. संस्कृतपासून निघून इंग्रजीकडे यायचे नाही. उलट्या दिशेने गेले की वाटेतला प्रत्येक टप्पा आपण गृहीत धरतो आणि एकही तपासत नाही. तर आजचा ‘व्हील’ घ्या. त्याच्या स्पेलिंगमध्ये डब्ल्यूनंतर एच आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा क्रम उलटा होता, आधी एच आणि मग डब्ल्यू, आणि उच्चारही तसाच होता: ‘ह्व’. नॉर्मन लोक इंग्लंडात आल्यानंतरच्या काळात लेखनिकांनी अक्षरांची अदलाबदल केली, आणि पुढे बहुतेकांच्या तोंडून तो ‘ह’ गेलाही. म्हणजे आपल्याला ज्याचा माग काढायचा आहे तो शब्द ‘ह्वेओल’ आहे. आजचे रूप हातात धरून कोणाशीही तुलना केली तर ती फसते. त्याच काळात ‘ह्वेओगोल’ असेही एक रूप आढळते, ते मुलीने टिपून ठेवावे. त्या मधल्या ‘ग’चा पुढे उपयोग आहे.

आता बहिणींकडे बघायचे. डच, जुनी नॉर्स (स्कँडिनेव्हियाची जुनी भाषा) आणि इतर जर्मानिक भाषांत, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातल्या भाषांत, याच्याशी जुळणारे शब्द आहेत, नॉर्समध्ये ‘ह्वेल’. जर्मनने मात्र हा शब्द सोडून चाकाला ‘राड’ म्हटले. तो ‘राड’ लॅटिन ‘रोता’चा आणि आपल्या ‘रथ’चा सगोत्र आहे. जर्मन माणूस आजही सायकलला बोलताना ‘राड’च म्हणतो.

जर्मानिक भाषांच्या मागे गेलो की लेखी पुरावा संपतो आणि नियमांचे काम सुरू होते. या विद्येचा गाभा इथेच आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ.

आपण बडोद्याची मराठी माणसे दिवसभर दोन भाषांत वावरतो, त्यामुळे हा गाभा आपल्याला इतरांपेक्षा लवकर समजायला हवा. घरात आपण ‘दार’ म्हणतो, शेजारी ‘बारणुं’ म्हणतात. आपण ‘दोन’, ते ‘बे’. आपल्या जुन्या कवितेत ‘दुजा’, त्यांच्याकडे ‘बीजो’. हे शब्द एकमेकांसारखे दिसतही नाहीत. पण जिथे संस्कृतात ‘द्व’ आहे तिथे मराठीने ‘द’ ठेवला आणि गुजरातीने ‘ब’, आणि हा फरक शब्दामागून शब्द तसाच येतो. (मराठीतही ‘बारा’, ‘बावीस’मध्ये ‘ब’ आहे, संख्यावाचक शब्दांचा प्रवास थोडा निराळा असतो.) याउलट आपल्याच काही घरांत गच्चीला ‘अगाशी’ म्हणतात. तो शब्द गुजरातीशी हुबेहूब जुळतो, कारण तो शेजारून जसाच्या तसा उचललेला आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे वारंवार सांगत असे: शब्द सारखे दिसले की संशय घ्या, आणि फरक पुन्हा पुन्हा त्याच पद्धतीने येत असेल तर विश्वास ठेवा. नात्याचा पुरावा त्या नियमित फरकात असतो.

इंग्रजी आणि संस्कृत यांच्यामधला असा नियमित फरक डेन्मार्कचा रास्क याने १८१८ मध्ये आणि जर्मनीचा याकोब ग्रिम याने १८२२ मध्ये मांडला. मूळच्या ‘प’चा जर्मानिक भाषांत ‘फ’ झाला: पाद आणि ‘फूट’, पितृ आणि ‘फादर’. ‘द’चा ‘ट’ झाला: दश आणि ‘टेन’, दंत आणि ‘टूथ’. ‘ग’चा ‘क’ झाला: गो आणि ‘काउ’. आणि ‘क’चा ‘ह’. हा शेवटचा बदल आपल्या कामाचा. मूळ भाषेत एक ‘क’ असा होता की तो उच्चारताना ओठांचा चंबू होत असे, साधारण ‘क्व’ म्हणा. जर्मानिकमध्ये त्याचा ‘ह्व’ झाला. आता आपले प्रश्न बघा: कोण, काय, कुठे, केव्हा, का. आणि इंग्रजीतले: हू, व्हॉट, व्हेअर, व्हेन, व्हाय. आपल्याकडे सगळे ‘क’चे, त्यांच्याकडे सगळे जुन्या ‘ह्व’चे. मराठी मुलांना इंग्रजी शिकवताना हे रोज फळ्यावर लिहिले जाते, पण त्यामागचा नियम सहसा कोणी सांगत नाही. ‘व्हील’ही याच रांगेतला आहे. म्हणून त्याच्या सुरुवातीच्या ‘ह्व’खाली आपण मूळचा ‘क्व’ धरू शकतो, आणि ग्रीक ‘कुक्लोस’मधला ‘क’ तिथे बसतो.

मुलीला इथे शंका यायला हवी. ‘क्व’ असेल तर आपल्याकडे ‘कक्र’ व्हायला हवे होते. ‘चक्र’मध्ये ‘च’ कुठून आला?

याचे उत्तर १८७०च्या दशकात अनेक विद्वानांना जवळजवळ एकाच वेळी सापडले, आणि तुमच्या सासऱ्यांच्या म्हणण्याचा निर्णयही त्यातच आहे. संस्कृतात जिथे एकच ‘अ’ आहे, तिथे ग्रीक आणि लॅटिनमध्ये कधी ऱ्हस्व ‘ए’, कधी ऱ्हस्व ‘ओ’, कधी ‘अ’ दिसतो. पूर्वी वाटे की संस्कृतचा ‘अ’ मूळचा, आणि ग्रीकांनी त्याचे तीन तुकडे केले. पण मग असे लक्षात आले की लॅटिन-ग्रीकमध्ये ज्या ठिकाणी पुढे ‘ए’ आहे, बरोबर त्याच ठिकाणी संस्कृतात ‘क’ऐवजी ‘च’ येतो. ‘आणि’ या अर्थी लॅटिनमध्ये ‘क्वे’ आहे, संस्कृतात ‘च’. पाचाला लॅटिन ‘क्विंक्वे’ म्हणते, संस्कृत ‘पञ्च’. पुढे ‘ओ’ असेल तिथे मात्र ‘क’ जसाचा तसा राहतो. याचा अर्थ असा की संस्कृतच्या पूर्वरूपात एके काळी ‘ए’ आणि ‘ओ’ वेगळे होते. त्या ‘ए’ने आधीच्या ‘क’ला ‘च’ केले आणि नंतर दोन्ही स्वर ‘अ’मध्ये विरले. स्वर गेला, पण त्याची खूण व्यंजनावर राहून गेली.

ज्यांनी शाळेत संस्कृत घेतले होते त्यांनी हे पाठ केलेले आहे. ‘कृ’ धातूचे परोक्ष भूतकाळाचे रूप ‘चकार’. ‘गम्’चे ‘जगाम’. द्वित्व झाले, म्हणजे धातूचे पहिले अक्षर दोनदा आले, की पहिल्या अक्षरात ‘क’चा ‘च’ आणि ‘ग’चा ‘ज’ होतो. पाणिनीने त्यासाठी ‘कुहोश्चुः’ असे सूत्र दिले आहे. सूत्र काय घडते ते सांगते. का घडते याचे उत्तर वरच्या परिच्छेदात आहे: द्वित्वाच्या अक्षरात मुळात ‘ए’ होता आणि धातूत ‘ओ’. ‘चक्र’ही असाच द्वित्वाने झालेला शब्द आहे. फिरणे या अर्थाच्या धातूचे पहिले अक्षर दोनदा आले. आपण एखादी गोष्ट ‘गरगर’ फिरते म्हणतो तसेच. त्याच धातूपासून आपला ‘चर्’, म्हणजे हिंडणे, झाला.

तर आता निर्णय. ‘व्हील’ जर ‘चक्र’पासून झाला असता, तर त्यात ‘च’च्या जवळपासचा काही ध्वनी असायला हवा होता, आणि ‘ल’ऐवजी ‘र’. त्यात आहे ‘ह्व’ आणि ‘ल’. संस्कृतात ‘क’चा ‘च’ होण्याच्या आधीच्या अवस्थेतून तो निघाला, इतके निश्चित सांगता येते. ‘च’नंतरचा हरवलेला स्वर सांगण्यासाठी लॅटिन-ग्रीक लागतात, म्हणजे त्या भाषा संस्कृतच्या लेकी असू शकत नाहीत, बहिणी आहेत. विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे हेच म्हटले होते, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका समान उगमातून निघाल्या असाव्यात आणि तो उगम कदाचित आज अस्तित्वात नसेल. त्यांच्या म्हणण्याला नियमांचे बळ मात्र पुढची शंभर वर्षे काम झाल्यावर मिळाले.

सासऱ्यांना हे सांगताना दुसरी बाजूही जरूर सांगा, कारण ती तितकीच खरी आहे. संस्कृत माता नसली तरी साक्षीदार म्हणून तिच्या तोडीचे फार थोडे आहेत. ग्रिमच्या नियमात एक मोठे छिद्र होते. मूळच्या ‘त’चा ‘थ’ व्हायला हवा. ‘भ्रातृ’ला जुन्या इंग्रजीत ‘ब्रोथोर’ आहे, ते ठीक. पण ‘पितृ’ला ‘फॅडेर’ आणि ‘मातृ’ला ‘मोदोर’ असे ‘ड-द’चे उच्चार होते. (आजच्या ‘फादर’, ‘मदर’मधला मधला ध्वनी फार नंतरचा आहे, पुन्हा तेच, आजचे रूप फसवते.) एकाच घरातल्या तीन नात्यांना दोन वेगळे नियम कसे? कार्ल व्हर्नर या डॅनिश अभ्यासकाला उत्तर मिळाले ते वैदिक स्वरांत. वेदात ‘भ्रातृ’चा उदात्त, म्हणजे उंच सूर, पहिल्या अक्षरावर आहे, ‘पितृ’ आणि ‘मातृ’चा दुसऱ्या अक्षरावर. उदात्त आधीच्या अक्षरावर असेल तर ‘थ’ टिकतो, नसेल तर तो मऊ होऊन ‘द’कडे जातो. इंग्रजीत तो जुना स्वर कधीच पुसला गेला होता. तो वेदपाठ्यांनी तोंडी परंपरेत जपला, म्हणून युरोपातल्या शब्दांचे कोडे सुटले. आणि ‘ह्वेओगोल’मधला तो ‘ग’? तोही याच नियमाचा.

आता तारका. तारका म्हणजे ‘हे रूप कुठेही लिहिलेले सापडलेले नाही; वंशजांची तुलना करून मांडलेले आहे’. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जर्मन अभ्यासक श्लायखर याने रूढ केली. मुलीला दिसलेल्या दोन रूपांपैकी जवळचे आहे ते आदि-जर्मानिक, म्हणजे जर्मानिक भाषांच्या समान पूर्वजाचे, आणि दूरचे, *क्वेक्वलोस, ते आदि-भारोपीय, म्हणजे संस्कृत, ग्रीक, लॅटिन आणि जर्मानिक या सगळ्यांच्या मूळ भाषेतले. अशा रूपांवर विश्वास का ठेवायचा, असे कोणी विचारले तर मी हे उदाहरण देते. ‘आणि’साठी ग्रीकमध्ये ‘ते’ आहे. नियमांनुसार तो मागच्या काळात *क्वे असायला हवा, असे अभ्यासक म्हणत होते, पण ग्रीकमध्ये तसे रूप कोणी पाहिलेले नव्हते. १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिस यांनी क्रीट आणि ग्रीसमध्ये सापडलेल्या मातीच्या पाट्यांवरची ‘लिनिअर बी’ लिपी उलगडली. भाषा निघाली ग्रीकच, होमरपेक्षाही कितीतरी जुनी. आणि त्या पाट्यांवर ‘आणि’साठीच्या अक्षराचे वाचन ‘क्वे’ असेच ठरले. कागदावर मांडलेली तारका मातीत सापडली. म्हणून मी तारकेला अंदाज म्हणत नाही. पण तिला लेखी पुरावाही म्हणू नये, आणि मुलीने तारका लावलेले रूप तारका गाळून कधीही लिहू नये.

या शब्दाच्या निमित्ताने पुरातत्त्वाचाही एक धागा निघतो. चाकाच्या गाडीचे सर्वांत जुने पुरावे साधारण इ.स.पू. ३५००च्या आसपासचे आहेत. पोलंडमध्ये ब्रोनोचित्से इथे सापडलेल्या एका भांड्यावर गाडीसारखे चित्र आहे. चाकाचा शब्द जर भारतापासून इंग्लंडपर्यंत वारशाने गेला असेल, तर मूळ भाषा निदान चाक माहीत होईपर्यंत एकत्र बोलली जात होती, असा तर्क काही अभ्यासक करतात. इतरांना तो पुरेसा वाटत नाही, कारण फिरण्याच्या धातूपासून चाकाचा शब्द नंतर स्वतंत्रपणेही घडू शकतो. मला पहिला तर्क अधिक पटतो. द्वित्वाचा तोच साचा ग्रीक, संस्कृत आणि जर्मानिकमध्ये सुटा सुटा घडावा, आणि वर मध्य आशियातल्या तोखारी भाषेतही गाडीसाठी ‘कोकाले’ सापडावा, हे मला अवघड वाटते.

मुलीच्या प्रकल्पात मला सगळ्यांत जास्त आवडेल तो भाग म्हणजे हाच पूर्वज मराठीत किती वाटांनी शिरला आहे ते दाखवणे. ‘चाक’ हा वारशाने आला: चक्र, मग प्राकृतात ‘चक्क’, मग ‘चाक’. हस्त, हत्थ, हात किंवा सप्त, सत्त, सात यांच्याशी ताडून बघा, चाल तीच आहे. ‘चक्र’ मात्र नंतर ग्रंथांतून जसाच्या तसा घेतलेला, म्हणून त्याची झीज झालेली नाही. ‘चरखा’ फारसीतून आला. इराणी शाखेत ‘चख्र’ असे रूप होते, त्यातल्या ‘ख’ आणि ‘र’ची जागा बदलून ‘चर्ख’ झाले. आणि ‘सायकल’ इंग्रजीतून. इंग्रजीने ‘सायकल’ लॅटिन-फ्रेंचच्या मार्गाने ग्रीक ‘कुक्लोस’वरून घेतला, दुचाकीसाठी ‘बायसिकल’ हा शब्द १८६०च्या दशकातला. चार शब्द, चार वाटा, आणि पहिला घाट एकच.

‘सायकल’मध्ये एक फार सुंदर गोष्ट दडलेली आहे. त्यातला पहिला ‘क’ ‘स’ झाला आणि दुसरा ‘क’ राहिला, कारण लॅटिनमधून फ्रेंचकडे जाताना ‘इ-ए’सारख्या स्वराआधीचा ‘क’ मऊ होतो. ‘चक्र’मध्येही पहिलाच ‘क’ मऊ झाला आणि दुसरा राहिला, कारणही तशाच स्वराचे. या दोन घटना हजारो मैल आणि दोन हजार वर्षांच्या अंतराने, एकमेकींशी काही संबंध नसताना घडल्या. आणि ‘सायकल’मध्ये ‘क’चा ‘ह’ कुठेच झालेला नाही. ग्रिमचा बदल होऊन गेल्यावर तो शब्द इंग्रजीत शिरला, हे त्यावरूनच कळते. ‘चीज’, ‘स्ट्रीट’ हे लॅटिनमधून आलेले शब्दही असेच ओळखू येतात; ‘स्ट्रीट’च्या शेवटचा ‘ट’ हा लॅटिन ‘स्त्राता’चाच, तो ‘थ’ झालेला नाही.

आता सासऱ्यांची बाजू जिथे पूर्णपणे बरोबर आहे तिकडे येऊ. ‘शुगर’ खरोखर आपल्याकडून गेला. संस्कृत ‘शर्करा’, म्हणजे मुळात वाळू-खडे आणि मग खड्यांसारखी साखर. तिथून फारसी ‘शकर’, अरबी ‘सुक्कर’, मध्ययुगीन लॅटिन, फ्रेंच ‘सुक्र’ आणि मग इंग्रजी. इथे प्रत्येक टप्प्यावर माल नेणारा कोणीतरी आहे, आणि शब्द मालाबरोबर गेला. ‘जॅगरी’ हासुद्धा तोच शब्द, मलयाळममधून पोर्तुगीजांनी उचललेला. ‘कँडी’मध्ये आपला ‘खंड’ आहे.

पण प्रत्येक वेळी माग संस्कृतातच थांबतो असेही नाही. ‘जिंजर’ बघा. फ्रेंच, लॅटिन, ग्रीक ‘झिंगिबेरिस’, पाली ‘सिंगिवेर’, संस्कृत ‘शृंगवेर’. शिंगासारख्या आकाराचे म्हणून शृंगवेर, असे कोणालाही वाटेल. पण तमिळमध्ये आल्याला ‘इंजि’ म्हणतात आणि मुळाला ‘वेर’. शब्द दक्षिणेतला आहे; संस्कृतने तो घेताना आपल्या ओळखीच्या ‘शृंग’मध्ये बसवला. आले पिकत होते तिथूनच नाव निघाले, यात नवल नाही. आणि खंडेराव मार्केटात भाजीवाली ‘आदु’ म्हणते, आपण ‘आले’ म्हणतो, ते दोन्ही तिसऱ्याच शब्दाचे, ‘आर्द्रक’चे.

योगायोगाचे उदाहरणही प्रकल्पात एक असावे. ‘बदनाम’, ‘बदमाश’ यांतला फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’: अर्थ एक, उच्चार जवळजवळ एक, संबंध शून्य. ‘डे’ आणि ‘दिन’ यांचेही तसेच. संस्कृतच्या ‘द’ला इंग्रजीत ‘ट’ हवा, ‘ड’ चालणार नाही. तो ‘ट’ हवाच असेल तर ‘ट्यूजडे’मध्ये आहे. तो वार ‘तिव’ नावाच्या जर्मानिक देवाचा, आणि तो ‘तिव’ आपल्या ‘देव’ शब्दाचा सख्खा चुलत भाऊ. ‘डे’ आणि ‘दिन’ सारखे दिसतात पण परके. ‘ट्यूज’ आणि ‘देव’ वेगळे दिसतात पण एकाच घरातले.

प्रत्यक्ष काम कसे करावे ते थोडक्यात. इंटरनेटवरच्या इंग्रजी कोशात व्युत्पत्ती वाचताना दोन शब्दप्रयोगांवर नजर ठेवायची. ‘फ्रॉम’ लिहिले असेल तर ती आईकडे जाणारी पायरी. ‘कॉग्नेट विथ’ असेल तर ते भावंड, पायरी नव्हे. ‘चक्र’ तुम्हाला दुसऱ्या प्रकारात दिसेल. घरातला वाद बहुधा याच दोन शब्दांमुळे झाला आहे. ऑक्सफर्डचा मोठा कोश, ज्याचा पहिला भाग १८८४ मध्ये आणि शेवटचा १९२८ मध्ये निघाला, प्रत्येक शब्दाचे जुन्यात जुने लेखी उदाहरण सालासकट देतो, म्हणून इंग्रजीच्या बाजूसाठी शेवटचा शब्द त्याचा मानावा. आपल्या बाजूसाठी टर्नर यांचा भारतीय-आर्य भाषांचा तुलनात्मक कोश आणि मोल्सवर्थचा १८५७चा मराठी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६चा मराठी व्युत्पत्ति कोश मिळाला तर तोही बघा. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात, जे सयाजीरावांनी १९१० मध्ये सुरू केले, आधी विचारा. मुलीला घेऊनच जा.

मांडणी करताना तिने एका कागदावर आजचे रूप खाली आणि जुने वर असे लिहावे. प्रत्येक रूपापुढे भाषा, अंदाजे काळ आणि अर्थ, तीनही. अर्थ बदललेला दिसला तर तो का बदलला याची एक ओळ. तारका असेल तिथे तारका. जिथे एका भाषेतून दुसरीत उडी आहे तिथे ती कोणी नेली, व्यापाऱ्याने, पाद्र्याने की राज्यकर्त्याने, हे लिहावे. ते सांगता येत नसेल तर तो टप्पा पेन्सिलीने लिहावा. आणि ध्वनीचा एखादा नियम वापरला तर त्याच नियमाचे आणखी दोन तरी शब्द शेजारी द्यावेत. ‘ह्व’साठी तिला कोण आणि ‘हू’, काय आणि ‘व्हॉट’ आहेतच.

शाळेने एकाच पानाची मर्यादा घातली असेल, तर जिंजर आणि शुगर गाळा, चाक-चक्र-चरखा-सायकल ठेवा. आणि सासऱ्यांना वेदातले उदात्त-अनुदात्त येत असतील तर व्हर्नरचा भाग मुलीला त्यांनीच समजावून द्यावा. तो त्यांच्याइतका चांगला मला लिहून सांगता येणार नाही, कारण त्यासाठी ‘पिता’ आणि ‘भ्राता’ हे शब्द स्वरांसकट कानावर पडावे लागतात.